काशाच्या रानातून चालणारा मुलगा: नट नसलेल्या माणसाकडून काम करून घेण्याचे एक प्रकरण

२७ ऑक्टोबर १९५२ रोजी, जगद्धात्री पूजेच्या सुट्टीच्या दिवशी, कोलकात्यापासून सुमारे ७५ मैलांवर पालसिटजवळच्या एका मोकळ्या रानात आठ जणांचे एक युनिट उतरले. त्या आठांपैकी सिनेमाच्या धंद्याचा आधीचा अनुभव असलेला माणूस एकच होता, तो म्हणजे कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त. कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी नुकतीच विशी ओलांडली होती आणि त्यांचा हा पहिलाच चित्रपट होता. दिग्दर्शक सत्यजित राय डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत नोकरी करत असल्यामुळे चित्रीकरणासाठी रविवार किंवा सणाची सुट्टी एवढेच दिवस त्यांच्या हाती होते. कॅमेरा भाड्याचा, जुना आणि पुष्कळ वापरलेला होता, कारण त्या दिवशी भाड्याने मिळण्यासारखा तो एकच होता. बँकेत आठ हजार रुपये होते आणि त्यातून थोडासा भाग चित्रित करून, तो दाखवून एखादा पैसे लावणारा गाठायचा, असा बेत होता. चित्रपट होता ‘पथेर पांचाली’.

पहिल्या दिवसासाठी निवडलेले दृश्य कागदावर सोपे दिसत होते. भांडण झालेली दोन भावंडे घरापासून दूर भटकत जातात, काशाच्या पांढऱ्या रानात त्यांची दिलजमाई होते आणि तिथेच त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आगगाडी दिसते. काश हे उसाच्याच कुळातले उंच गवत आहे. तुरा आलेल्या उसाचा फड ज्याने सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिला असेल, त्याला ते रान कसे दिसत असेल याची कल्पना सहज येईल. या दृश्यात धाकटा अपू गवतातून वाट काढत, थबकत, इकडेतिकडे पाहत पुढे गेलेल्या बहिणीला शोधतो. संवाद नाही, रडणे नाही, हसणेही नाही. मुलाने नुसते चालायचे आहे. या लेखाचा विषय ती चाल आहे.

मुलाची चाल

अपूचे काम करणारा सुबीर बॅनर्जी अभिनेता नव्हता. पाच ते सात वर्षांची मुले हवीत अशी जाहिरात देऊन झाली होती आणि बरीच मुले पाहूनही झाली होती. एका पालकांनी तर मुलीचेच केस कापून तिला मुलगा म्हणून आणले होते. अखेरीस रायांच्या पत्नी बिजया यांना शेजारच्या घराच्या गच्चीवर हा मुलगा दिसला. चेहरा हवा तसा होता, डोळे बोलके होते, पण रायांनी त्याची चाचणी घेतलेली नव्हती, आणि कॅमेऱ्यासमोर त्याला चालायला सांगितल्यावर अडचण उघडी पडली. तो लाकडासारखा ताठ चालू लागला.

सेटवर काम केलेल्या कुणालाही हा क्षण ओळखीचा वाटेल. ‘शोधत शोधत चाल’ असे सांगितले की मूल मान डावीकडे वळवते, मग उजवीकडे वळवते, पुन्हा डावीकडे वळवते आणि हे सगळे एका तालात, शाळेतल्या कवायतीसारखे करते. मोठी माणसेही हेच करतात, फक्त त्यात भुवया आक्रसण्याची भर घालतात. मूल मंद असते किंवा लाजते, असे याचे कारण नाही. शोधणाऱ्या माणसाला पुढच्या पावलाला काय दिसणार हे ठाऊक नसते आणि ही अनिश्चितता त्याच्या चालीत उतरते. उलट कॅमेऱ्यासमोरच्या मुलाला सगळेच ठाऊक असते. इथून निघायचे, तिथे पोहोचायचे, तिथे एक दादा उभा आहे आणि तो ‘कट’ म्हणणार आहे. ज्याला शेवट माहीत आहे अशा माणसाला शेवट माहीत नसल्यासारखे चालायला सांगणे म्हणजे त्याच्याकडे अभिनयाच्या तंत्राची मागणी करणे होय, आणि ते तंत्र त्या मुलाजवळ असण्याचे काहीच कारण नव्हते.

अशा वेळी दिग्दर्शक साधारणपणे तीनपैकी एक गोष्ट करतो. तो तीच सूचना अधिक मोठ्या आवाजात देतो. किंवा स्वतः करून दाखवतो, आणि मग मूल शोधण्याऐवजी दिग्दर्शकाची नक्कल करते. किंवा त्या क्षणामागची भावना समजावून सांगतो, ‘तुझी ताई हरवली आहे, तुला कसे वाटेल?’ असे विचारतो, आणि मूल रडवेला चेहरा करून पूर्वीइतकेच ताठ चालते. तिसरा मार्ग आपल्याकडे फार प्रतिष्ठित समजला जातो, परंतु सहा-सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो मला सर्वांत निरुपयोगी वाटतो, कारण भावना समजली म्हणून पाय आपोआप वेगळे पडत नाहीत.

रायांनी यांतले काहीच न करता रानातच फेरफार केला. मुलाच्या वाटेत त्यांनी काटक्यांसारखे लहान लहान अडथळे टाकले, जेणेकरून ते ओलांडताना चालीचा ताल आपोआप मोडावा. आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना गवतात मुलाच्या ओळखीची माणसे लपवून त्यांना ठरलेल्या क्षणी त्याला हाक मारायला सांगितले. हाक येईल तिकडे मूल थबकून पाही आणि पुन्हा चालू लागे. त्याला शोधण्याचा अभिनय करावा लागला नाही, कारण आवाज कुठून आला हे तो खरोखरच पाहत होता.

या युक्तीची फोड केली तर तिचे दोन भाग दिसतात आणि ते दोन वेगळ्या दोषांवरचे उपाय आहेत. काटकी पायांवर काम करते. सपाट जमिनीवर पावले सारखी पडतात आणि सारखी पावले म्हणजे ठरलेले मुक्काम. काटकी समोर आली की नजर क्षणभर खाली जाते, एक पाऊल लांब पडते, खांदा थोडा कलतो आणि त्या मुलाला या जागेची सवय नाही हे प्रेक्षकाला न सांगता कळते. हाक मानेवर आणि नजरेवर काम करते. तिथे आवाज ओळखीचा असणे महत्त्वाचे आहे, कारण अनोळखी आवाजाने मूल दचकते आणि दचकणे वेगळे दिसते. घरच्या आवाजाकडे ते ओढीने वळते, आणि बहिणीला शोधणाऱ्या मुलाच्या वळण्यात हवी होती ती नेमकी हीच ओढ. हाका असमान अंतराने आल्या, तरच कवायतीचा ताल मोडतो. म्हणजे अशा दृश्यात दिग्दर्शन मुलाचे होत नसून गवतात लपलेल्यांचे होत असते: कोणी कधी हाक मारायची आणि कोणी गप्प राहायचे, हा खरा आराखडा.

रायांना हे सुचले त्याला एक पूर्वपीठिका आहे. १९५० साली कंपनीच्या कामासाठी ते काही महिने लंडनमध्ये होते आणि तिथे त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले. त्यांत इटालियन दिग्दर्शक डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ज’ही होता, ज्यात बापाची भूमिका एका कारखान्यातल्या कामगाराने आणि मुलाची एका अनुभव नसलेल्या मुलाने केली होती. नट नसलेला माणूस पडद्यावर उभा राहू शकतो हे त्यांनी पाहिले होते. तो कसा उभा करायचा, हे मात्र त्यांना पालसिटच्या रानात स्वतःच शोधावे लागले.

एक गोष्ट अनेकदा नजरेतून सुटते. दृश्य मूक असल्यामुळे त्या दिवशी ध्वनिमुद्रणाची सामग्री सोबत आणलेलीच नव्हती, आणि म्हणून शॉट चालू असताना गवतातून हवी तेवढी ओरड करता आली. साधनांची चणचण होती म्हणूनच ही युक्ती शक्य झाली. आज जागेवरच आवाज मुद्रित करण्याची पद्धत रूढ झाल्यावर हीच युक्ती जशीच्या तशी उचलणाऱ्याची फजिती होते, आणि ती कशी होते हे मी स्वतः अनुभवले आहे. त्याकडे पुढे येतो.

गाई, म्हशी आणि मोठी होणारी मुले

त्या पहिल्या दिवशी आठ शॉट झाले आणि दृश्य अर्धेच उरकले. पुढच्या रविवारी युनिट परत आले तेव्हा पांढऱ्या तुऱ्यांच्या जागी नुसते तपकिरी गवत उरले होते, कारण मधल्या काळात गावची गुरे तिथे चरून गेली होती. पुढे पैशांअभावी काम अनेकदा बंद पडले आणि शेवटी पश्चिम बंगाल सरकारचा पैसा मिळाल्यावर त्याच जागी, त्याच मुलांना घेऊन ते दृश्य पुन्हा चित्रित करण्यात आले. चित्रपट २६ ऑगस्ट १९५५ रोजी कोलकात्यात प्रदर्शित झाला. या रेंगाळलेल्या काळात अपूचा आवाज फुटला नाही, त्याची बहीण दुर्गा मोठी दिसू लागली नाही आणि म्हातारीचे काम करणाऱ्या वृद्ध बाई वारल्या नाहीत, या तीन गोष्टींना स्वतः राय चमत्कार म्हणत असत.

माणसांपुरते चमत्कार घडले, कुत्र्यापुरता घडला नाही. मिठाईवाल्यामागे दोन्ही मुले आणि त्यांच्यामागे गावचे कुत्रे जाते, असा एक शॉट आहे. ते कुत्रे काही केल्या मागे चालेना, तेव्हा दुर्गेचे काम करणाऱ्या उमा दासगुप्ता हिच्या हातात संदेश ही बंगाली मिठाई देऊन तो हात पाठीमागे धरायला सांगितला, आणि कुत्रे निमूटपणे तिच्यामागून चालू लागले. पुढे ते कुत्रे मेल्याने उरलेल्या शॉटसाठी तसेच दिसणारे दुसरे शोधावे लागले. प्रेक्षकाच्या हे लक्षात येत नाही. संदेशाची युक्ती आणि काटक्यांची युक्ती एकाच घराण्यातल्या आहेत, हे मात्र लक्षात येण्यासारखे आहे.

ज्वारीच्या रानात

काही वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही एक लघुपट केला, त्यात मी सहायक दिग्दर्शक होतो. आठ वर्षांची एक मुलगी उभ्या ज्वारीतून आजीला शोधत येते असा शॉट होता. मुलगी गावातलीच, शाळेतून निवडलेली आणि धीट. पण ‘ॲक्शन’ म्हटल्याबरोबर तीही कवायत करू लागली. पालसिटचा किस्सा मला पाठ होता, त्यामुळे मी मोठ्या ऐटीने पुढे झालो. काटक्यांची गरजच पडली नाही, कारण रानात ढेकळे मुबलक होती; वाट म्हणून मोकळी केलेली सरी आम्ही पुन्हा ढेकळांनी भरली. तिचा मामा, तिची चुलतबहीण आणि सेटवरची पडेल ती कामे करणारा आमचा स्पॉटदादा अशा तिघांना ज्वारीच्या उभ्या ताटांत लपवून बसवले आणि हाकांचा क्रम ठरवून दिला.

पहिला टेक सुरेख झाला, पण फोकस गेला होता. दुसऱ्या टेकला मुलगी हाक येण्याआधीच मामाच्या दिशेला पाहू लागली. युक्ती नवलावर उभी असते आणि नवल एकदाच वापरता येते, ही गोष्ट मी लक्षात घेतली नव्हती. तिसऱ्या टेकला क्रम बदलला, चौथ्याला मामाला गप्प बसवून फक्त बहिणीला दोनदा हाक मारायला सांगितली, आणि तो टेक चांगला आला. आम्ही समाधानाने पुढे निघणार, तेवढ्यात ध्वनिमुद्रकाने कानावरचा हेडफोन काढून विचारले, ‘आणि ह्या हाकांचं काय करायचं?’ ज्वारीच्या पानांची जी सळसळ त्याला हवी होती, तिच्यावरच तीन माणसांच्या हाका बसल्या होत्या. सळसळ वेगळी घेता आली असती, हे खरे. पण चालण्याशी बरोबर जुळणारी सळसळ नंतर तयार करण्याचे काम किती किचकट असते, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक.

मार्ग मामानेच काढला. त्याने खिशातली सुतळी काढून आठ-दहा हातांवरच्या एका ताटाला बांधली आणि दूर बसून हलकेच ओढली. वारा नसताना एकच ताट हलले आणि मुलीने चटकन तिकडे पाहिले. मग आम्ही चार ठिकाणी चार सुतळ्या बांधल्या, आणि कोणती कधी ओढायची हे प्रत्येक टेकला बदलत गेलो. आवाज झाला तो फक्त पानांचा, आणि तो तर हवाच होता. नजरेतही फरक पडला: हाकेला मूल ओळखीने वळते, पण हलणाऱ्या ताटाकडे ते किंचित भीतीने आणि कुतूहलाने पाहते. आमच्या दृश्याला ते अधिक चालले, कारण आमच्या मुलीला ज्वारीत एकटे वाटणे आवश्यक होते. रायांच्या दृश्याला ते चालले नसते, असे मला वाटते.

मात्र किती टेक घेता येतील याला मर्यादा असतात आणि त्या केवळ मुलाच्या कंटाळ्याच्या नसतात. २०१७ साली सुधारलेल्या बालकामगार नियमांनुसार चित्रीकरणात मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मुलाच्या मोबदल्यातला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. पाच तासांत चेहरा धुणे, जेवण आणि रुसवा हे सगळे बसवायचे असते. म्हणून ढेकळे, सुतळ्या आणि लपणारी माणसे यांची तालीम मुलाला बोलावण्याआधी, त्याच्या उंचीच्या दुसऱ्या कुणाला चालवून करावी लागते. आम्ही ती केली नव्हती आणि त्यामुळे सकाळचे चांगले ऊन हातातून गेले.

लपवाछपवीची हद्द कुठे संपते, हाही प्रश्न इथे येतो. ताट हलवून मुलाला तिकडे पाहायला लावणे आणि रडण्याच्या शॉटसाठी ‘तुझी आई निघून गेली’ असे खोटे सांगणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, कारण दोन्हींत मुलाला अंधारात ठेवलेले असते. माझी कसोटी साधी आहे: शॉटनंतर ती युक्ती मुलाला दाखवता येते का? आमच्या मुलीला सुतळ्या दाखवल्यावर पुढचा अर्धा तास ती स्वतःच त्या ओढत बसली. आई गेल्याचे खोटे सांगितल्यावर ते खोटे होते असे मुलाला कितीही समजावले, तरी ते दुसऱ्या दिवशी सेटवरच्या कुणावरही विश्वास ठेवत नाही, आणि त्याने का ठेवावा?

आजीबाई

यशाने माणूस शेफारतो. दुसऱ्या दिवशी आजीचा शॉट होता: नातीची चाहूल लागून ती खुडलेल्या कणसांच्या ढिगाजवळून मान वर करते. आजीचे काम करणाऱ्या बाई आयुष्यभर तमाशाच्या फडात उभ्या राहिलेल्या होत्या. त्यांनाही चाहूल खरी लागावी म्हणून मी त्यांच्या मागच्या ताटाला सुतळी बांधली. ती हलताच त्या वळल्या नाहीतच. कॅमेऱ्याकडे पाहत म्हणाल्या, ‘बाळा, मला सांग की काय करायचं ते. पाठीमागं ताटं कशाला हलवतूस?’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, अपमान होता. ज्याच्याजवळ तंत्र आहे त्याला फसवून काम करून घेणे म्हणजे त्याचे तंत्र नाकारणे, हे मला त्या वाक्याने शिकवले. मी सुतळी सोडली आणि ‘कणीस खाली ठेवताना मधेच थांबा’ एवढेच सांगितले. त्यांनी कणीस ढिगापासून वीतभर अंतरावर थांबवले, मान वळवली नाही, फक्त कान दिला. त्या एका टेकनंतर दुसरा घेण्याची गरज राहिली नाही.

नंतर लक्षात आले की पालसिटच्या प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग मी वाचूनही विसरलो होतो. त्याच चित्रपटात म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणचे काम करणाऱ्या चुनीबाला देवी ऐंशीच्या घरात होत्या, कधी काळी रंगभूमीवर वावरलेल्या होत्या आणि अनेक वर्षे कामापासून दूर होत्या. त्यांच्यासाठी रायांनी काटक्या टाकल्या नाहीत. काम देण्याआधी त्यांना एखादे अंगाईगीत येते का असे विचारले, तेव्हा रायांना माहीत होत्या त्याहून जास्त ओळी त्यांनी म्हणून दाखवल्या. चित्रीकरणात उलट त्याच युनिटला सांभाळत: मागच्या शॉटमध्ये माझा उजवा हात ओला होता, गाठोडे या हातात नव्हते त्या हातात होते, अशा गोष्टी त्यांच्या ध्यानात असत. कंटिन्युटी, म्हणजे एका शॉटमधला तपशील दुसऱ्याशी जुळता, राखण्याचे सहायकाचे काम ऐंशी वर्षांची नटी करत होती. अशा माणसाला दिग्दर्शकाने माहिती द्यायची असते: शॉट कुठून कुठपर्यंत आहे, आधी काय झाले, नंतर काय येणार आणि कॅमेरा कुठे आहे. मुलापासून जे लपवले, ते सगळे म्हातारीला सांगायचे होते.

त्या माहितीत एक बारीकशी चूक मात्र तिथेही झालीच. म्हातारीची तिरडी नेण्याचा शॉट होता आणि चुनीबाला तिरडीवर बांधलेल्या अवस्थेत डोळे मिटून निपचित पडल्या होत्या. शॉट संपला, तिरडी खाली ठेवली, दोर सोडले, तरी त्या हलेनात. युनिटमधले लोक घाबरून एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात त्यांचा आवाज आला: शॉट झाला का? मग मला कुणी सांगितले कसे नाही, मी आपली अजून मेलेलीच पडून आहे!